पद्मिनीचं हेड गॅस्केट दोन महिन्यांत दुसऱ्यांदा गेलं

गिरगावची_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, हँडल गिअरची, पेट्रोल, १०८९ सीसी. जूनमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) बदलून घेतलं होतं. परवा सायनच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. आता दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पडलंय. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं की पाण्यात बुडबुडे येतात. ऑइल मात्र स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही. मिस्त्री म्हणतात गॅस्केट डुप्लिकेट निघालं. या वेळी मी स्वतः बसवणार आहे. बाबा गेल्या वर्षी गेले, ही गाडी पुन्हा कोणाच्या हातात द्यावीशी वाटत नाही. कुठून सुरुवात करू?

ऑपेराहाउस_स्पेअर:
दादा, जुनं गॅस्केट फेकू नका. ते नमुन्याला घेऊन दुकानात जा आणि नव्यावर ठेवून पाण्याची, ऑइलची भोकं जुळतात का बघा. फियाटच्या जुन्या गॅस्केटवर ‘आल्तो’ असं कोरलेलं सापडतं. तो इटालियन शब्द आहे, म्हणजे ती बाजू वर. आणि जुनं चिकटलेलं असेल तर कोरडं खरवडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून काढा, नाकाला मास्क लावा.

परळचं_गॅरेज:
बाळा, गॅस्केटला दोष देण्याआधी हेड बघ. तुझं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एकदा जास्त तापलं की हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही महागाचं गॅस्केट घाल, ते जाणारच. दोन शेजारच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलं म्हणजे गॅस्केटची त्या दोघांमधली पट्टी जळली. मी परळला तीस वर्षं गॅरेज चालवलं, सगळ्यात जास्त पद्मिन्या याच तक्रारीच्या आल्या.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हेड खोल, गरम असताना सोडलंस तर तिथेच वाकेल. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर टाक आणि त्यात ओळीने खोच. मग हेड स्वच्छ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेव आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) घाल. ०.०५ मिमीचं पातं घुसलं तर हेड फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करायला, दे. लेथवाल्याला बजावून सांग, लागेल तेवढंच घे. जास्त घेतलं की कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकायला लागतं. तडा गेलाय का तेही त्यालाच तपासायला लाव.

ब्लॉकच्या भोकांतलं ऑइल-पाणी चिंधीने टिपून घे. तळ असलेल्या भोकात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉक फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गॅस्केटला शेलॅक, सिलिकॉन काही फासू नकोस. आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जा, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानेच. आकडा मॅन्युअलमधून घे, कोणाच्या तोंडचा घेऊ नकोस. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट कर. ५०० किमी झाले की थंड इंजिनवर एकेक बोल्ट जरासा सैल करून पुन्हा तेवढ्याच टॉर्कला आवळ, आणि टॅपेट परत बघ. जूनमध्ये हे केलं होतं का कोणी?

माहीमकर_फियाट:
आणि तापली कशामुळे ते शोधलंत का? थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) जागेवर आहे का बघा. कित्येक गॅरेजांत तो काढून ठेवतात आणि कोणी परत बसवत नाही. रेडिएटरही उघडून घ्या. नळाचं नुसतं पाणी वर्षानुवर्षं भरलं की बिडाला गंज, अ‍ॅल्युमिनियमला खड्डे. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या गेल्या असतील तर फेसिंगनेही भागत नाही, वेल्डिंग करून मग फेसिंग.

गिरगावची_पद्मिनी:
काका, रविवारी हेड उतरवलं. पट्टी ठेवली, दोन-तीनच्या मध्ये ०.१५चं पातं आरपार गेलं. गॅस्केट ठीकच होतं हो, बरोबर मधल्या पट्टीवर जळलंय. जूनमध्ये ना पट्टी लावली, ना ५०० किमीनंतर कोणी आवळलं. माहीमकर, थर्मोस्टॅटची जागा रिकामी निघाली. रेडिएटरमधून गंजाचा लालसर चिखल आला. हेड लेथवाल्याकडे दिलंय, कडा शाबूत आहेत, तडा नाही. पुठ्ठा बाबांच्याच जुन्या सीट कव्हरच्या खोक्याचा घेतला. कूलंट आणलंय. टॉर्क रेंच कोणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल का? गिरगाव ते दादर कुठूनही येऊन घेईन.

परळचं_गॅरेज:
माझा घेऊन जा. संध्याकाळी पाचनंतर ये, मॅन्युअलही देतो.