हलका लॅपटॉप हवा, पण मराठी टंकायचं आहे

नमस्कार मंडळी,

अंकाचं संपादन यंदाही माझ्याकडेच आहे. सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे आणि मधे विमानप्रवास, त्यामुळे लॅपटॉप सतत खांद्यावर. सध्याचा १५.६ इंची चार्जरसकट पावणेतीन किलो भरतो आणि खांदा आता ऐकत नाही. ११ इंची, एक किलोच्या आतला घ्यावा असं मनात आहे. काम म्हणजे इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) मराठी टायपिंग, मुद्रितं तपासणं, ईमेल, व्हिडिओ कॉल. कुणाचा अनुभव असेल तर जरूर कळवा.

– संपादक

---

ताई, मी हाच विचार करून टॅबलेट आणि त्याचा जोड-कीबोर्ड घेतला. टेबलावर छान चालतं, पण मांडीवर घेतलं की मागचा टेकू सरकतो. विमानतळावर बसून एक पानही धड लिहून होत नाही. शिवाय जाहिरातीत नुसत्या टॅबलेटचं वजन असतं. कीबोर्ड आणि कव्हर धरलं की ते छोट्या लॅपटॉपच्या जवळ जातं. तुम्ही लॅपटॉपच घ्या.

---

ताई, नमस्कार.

वजनाआधी पट्टी घ्या आणि कीबोर्ड मोजा, अशी माझी विनंती आहे.

पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. वरच्या ओळीत साधारण १५ बटणांची रुंदी लागते, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. १३.३ इंची, १६:१० प्रमाणाचा पडदाच तेवढा रुंद असतो, म्हणून तिथे बटणं पूर्ण आकारात बसतात. ११.६ इंची रुंद पडदा जेमतेम पावणेसव्वीस सेंटिमीटरचा. त्यात काहीतरी आक्रसणारच, आणि कंपन्या सहसा उजव्या कडेची बटणं आक्रसतात, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला ती क्वचित लागतात.

आपलं तसं नाही. इन्स्क्रिप्टमध्ये अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, चौकटी कंसावर ड, तिरक्या रेघेवर य, आणि एंटरच्या वरच्या बटणावर ‘डॉक्टर’मधला ॉ. शिफ्ट दाबून छ, ठ, ढ, ऑ हेही तिथेच. मराठीतलं ‘च्या’ किती वेळा लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको! माझ्या जुन्या छोट्या लॅपटॉपवर ट लिहायला जावं तर एंटर दाबला जाई आणि परिच्छेद मधेच तुटे. दोन वर्षं मी बोटांना दोष देत होतो, दोष बटणाच्या रुंदीत होता. (फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टंकण्याची पद्धत, वापरणाऱ्यांना हा त्रास फारसा होणार नाही. त्यांनी खुशाल ११ इंची घ्यावा.)

विकत घेण्याआधी मराठी कीबोर्ड चालू करून एवढंच टंकून बघा: ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीला टाचणी टोच.’ न चुकता तीनदा जमलं तर कीबोर्ड चांगला.

वजनाचं म्हणाल तर १३ इंची, एक ते सव्वा किलोचे पुष्कळ आहेत. मॅकबुक एअर १.२४ किलो आहे, आणि त्यात पंखा नाही, त्यामुळे कॉलवर घरघर नाही. एक किलोच्या आतलेही मिळतात, पण शेवटच्या दोनशे ग्रॅमसाठी पुष्कळदा बॅटरी लहान केलेली असते. बॅटरीचे वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज साठते ते, बघा. लिहिण्याच्या कामाला असं यंत्र साधारण ५ ते ८ वॅट खातं, म्हणजे ५० वॅट-अवरवर सहा ते दहा तास. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळी परवानगी न घेता नेता येते, तेव्हा ती काळजी नको.

यूएसबी-सीवर चार्ज होणारा घ्या. ४५ किंवा ६५ वॅटचा एकच छोटा चार्जर लॅपटॉपला आणि फोनलाही चालतो. जुन्या चार्जरची वीट आणि तिची जाड वायर घरी राहिली की खांद्यावरचे दोन-तीनशे ग्रॅम तिथेच उतरतात. रॅम १६ जीबी असू द्या. या पातळ यंत्रांत ती बहुधा बोर्डावरच डाखलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. पडदा चकचकीत नसलेला आणि त्याचा उजेड ४०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास असेल तर खिडकीशी बसूनही मुद्रितं तपासता येतील. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे अंधुक पडद्यावर कळत नाही.

– संकेतस्थळ सांभाळणारा

---

दादा, मनापासून आभार. काल ११ इंचीवर ते वाक्य टंकलं. तीनपैकी दोनदा ‘टाचणी’ खालच्या ओळीवर गेली. १३.३ इंचीवर तिन्ही वेळा नीट आलं. तोच घेतला, १६ जीबीचा, चार्जरसकट साधारण दीड किलो. काल रात्री मांडीवर घेऊन दोन लेख तपासले.

ज्यांचे लेख यायचे आहेत त्यांनी कृपया ते युनिकोडमध्येच पाठवावेत. जुन्या फॉन्टमधल्या फाईली या यंत्रावर वाचता येणार नाहीत, ते फॉन्ट मी यात घातलेले नाहीत.

– संपादक