रि: लँकेस्टरचं बायबलचं नाटक – भाच्याला पाठवू का?

मंडळी नमस्कार,
माझा भाचा ऑगस्टमध्ये पुण्याहून एमएसला आलाय. त्याच्या कॅम्पसवरच्या ख्रिश्चन ग्रुपने पुढच्या शनिवारी इथे पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला नाटकाला न्यायचं ठरवलंय, बायबलवरचं आहे म्हणे, तिकीट ते काढणार, व्हॅन त्यांची, जेवणही त्यांचंच. तिकडून बहिणीने फोन करकरून डोकं खाल्लंय की फुकट कोण नेतं, पोराला बाटवतील. काय सांगू तिला? कोणी गेलंय का? आणि त्याच शनिवारी आपल्या मराठी मंडळाची ढोलाची प्रॅक्टिस पण आहे.
– एक्स्टनची मावशी

---

मावशी, मी गेलोय, असंच फुकट, मास्टर्सला असताना. साइट अँड साउंड थिएटर, स्ट्रॅसबर्गजवळ. आजूबाजूला आमिश (गाडी-वीज टाळून जुन्या पद्धतीने राहणारे ख्रिस्ती) लोकांची मक्याची शेतं, रस्त्यावर घोड्याच्या बग्ग्या आणि मधेच हा राजवाडा, दोन हजार लोक बसतील एवढा. स्टेज ३०० फुटी, तीन बाजूंनी आपल्याला वेढा घालून. आम्ही नोहाचं बघितलं, प्रलयात मोठ्या तारवात, म्हणजे जहाजात, जनावरं वाचवतो तो. इंटरव्हलनंतर पडदा उघडतो तर आपणच तारवाच्या पोटात, तिन्हीकडे मजल्यावर मजले जनावरं, काही खरी काही यांत्रिक. खरी जनावरं खुर्च्यांच्या मधल्या वाटेनेच जातात, एक माझ्या कोपराला घासून गेलं, शेणामुताचा वास आला आणि मला एकदम आजोळचा गोठा आठवला. लहानपणी मैदानावर ‘जाणता राजा’ बघताना हत्ती आला की जसं उठून उभं राहायचो तसंच झालं, फक्त इथे एसी आणि मऊ खुर्ची.

ग्लेन एशलमन म्हणून शेतकरी घरातला माणूस, स्लाइड शो दाखवत फिरायचा, त्याने आणि बायकोने १९७६ ला हे सुरू केलं. १९९७ ला थिएटर जळालं तर पुढच्याच वर्षी नवं उभं केलं. चिकाटी आहे बुवा.

आता बहिणीचा प्रश्न. धर्माचं बोलतात का? बोलतात की. आम्हाला शोच्या शेवटी स्टेजवरून येशूचं सांगितलं आणि परतताना व्हॅनमध्ये शेजारच्याने विचारलं, ‘तुला काय वाटलं?’ मी म्हटलं उंट आवडला. तो हसला. नंतर दोनदा बायबल स्टडीला बोलावलं, नाही म्हटलं, विषय संपला. पण मला एअरपोर्टवरून आणलं ते ह्याच लोकांनी, गादी दिली ती पण त्यांनीच, दोन वर्षं त्याच गादीवर झोपलो. मंडळाची मला पहिली मेल आली ती मेंबरशिप रिन्यू करा म्हणून, आणि मी मेंबरच नव्हतो.
– डेलावेअरवाला

---

मी मंडळाच्या ईमेल लिस्टवर शक्यतो गप्प असते पण ‘बाटवतील’ हा शब्द जरा टोचला. मावशी, तुमच्यावर राग नाही, आई आहे ती, घाबरणारच. मी नगरची, आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चौथी पिढी. रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणत मोठे झालो, नाताळात कीर्तन असायचं. कीर्तनात शेवटी येशू येणारच, तुमच्याकडे पांडुरंग येतो तसा. तेव्हा नाटकात गैर काही नाही, बायबलचं आहे हे आधीच सांगितलंय.

माझा राग न सांगता नेणाऱ्यांवर. मी नवीन होते तेव्हा एका ग्रुपने ‘पिझ्झा नाइट’ म्हणून बोलावलं आणि एका स्लाइसवर दीड तास प्रवचन दिलं. वर माझं आडनाव बघून मला हिंदू धरलं, मी सांगतेय की माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा नगरला झालाय, तर म्हणे हो हो, पण तू स्वतः कधी येशूला भेटणार? हसावं का रडावं!

आणि हो, तिकडच्या बुफेत शूफ्लाय पाय असतो, थेट काकवीची चव. भाचा शाकाहारी असेल तर क्रस्टमध्ये लार्ड (डुकराची चरबी) आहे का ते आधी विचारायला सांगा.
– नगरवाली

---

सर्वांस, ढोलाची प्रॅक्टिस शनिवारीच, जिमचं भाडं भरलेलं आहे. कृपया धार्मिक चर्चा लिस्टवर नको. दिवाळीची तिकिटं सुरू आहेत, स्टुडंट ३५ डॉलर.
– सेक्रेटरी

---

साहेब, ३५ मध्ये व्हॅन धरलीय का?
– डेलावेअरवाला

---

मंडळी, गेला आणि आला. रात्री बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, तिने पहिलं विचारलं जेवलास का, दुसरं विचारलं काही सही वगैरे नाही ना केलीस. तो आपला घोडे किती जवळून गेले तेच सांगत बसला. व्हॅनमध्ये त्याला पण विचारलं म्हणे काय वाटलं, हा म्हणाला आमच्याकडे मनूची होडी आहे, ती मासा ओढतो, मग सगळी व्हॅन घरापर्यंत तेच ऐकत आली. ढोल बुडला, पुढच्या वेळी येईल.

आणखी एक, त्याचे दोन रूममेट अजून कार्पेटवर झोपतायत. कोणाकडे जुनी गादी आहे का? ट्विन (एकट्यापुरती) पण चालेल, रविवारी यजमान गाडी घेऊन येतील.
– मावशी