वडिलांना आतड्याचा कर्करोग झाला होता. माझा धोका कसा समजून घ्यावा?

वाटसरू :
माझे वय 38 आहे. वडिलांना 49व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर आज ते ठणठणीत आहेत. मी शाकाहारी व निर्व्यसनी असल्यामुळे मला भीती नाही, असे घरचे म्हणतात. मात्र गेले दोन महिने शौचावाटे अधूनमधून रक्त जाते. दवाखान्यात न तपासताच ‘मूळव्याध’ म्हणून मलम दिले. आत्याला 46व्या वर्षी गर्भपिशवीचा कर्करोग झाला होता, पण त्याचा येथे संबंध नसावा.

गोदाकाठ :
रक्त जाणे हे लक्षण आहे, त्यामुळे जोखमीचा हिशेब होईपर्यंत थांबू नका. मूळव्याध खरोखर असली, तरी वर आतड्यात दुसरे काही नाही हे त्यावरून ठरत नाही. शौचातील सूक्ष्म रक्ताची चाचणी मुख्यतः लक्षणे नसलेल्यांसाठी असते. पोटविकारतज्ज्ञांना दाखवून कोलोनोस्कोपीविषयीच, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीविषयीच, विचारा. तसेही, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर 40व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा ती करावी, असा संकेत आहे. तुमच्या बाबतीत ते वय 39 येते. शाकाहार चांगलाच, पण वाढलेले वजन आणि बैठे काम शाकाहाऱ्यांनाही सुटत नाही, आणि वारसा तर ताट पाहून येत नाही.

निवृत्त परिचारिका :
मला आत्याची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्याकडे ‘गर्भपिशवीचा’ म्हणताना पुष्कळदा गर्भाशयमुखाचा कर्करोग अभिप्रेत असतो. तो असेल तर गोष्ट निराळी. पण गर्भाशयाच्या अस्तराचा असेल, तर तो आणि आतड्याचा कर्करोग एकाच घरात, तेही पन्नाशीच्या आत, हे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचे चित्र असू शकते. त्यात डीएनएमधील चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक सदोष असते आणि ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. वडिलांच्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, जपून ठेवलेले असतील. त्यांवर आयएचसी ही तपासणी आजही होऊ शकते. त्या जनुकांची प्रथिने गाठीत आहेत की नाहीत, हे तीत दिसते. आत्याचा जुना अहवालही शोधा.

वाटसरू :
आत्याच्या फाइलमध्ये ‘एंडोमेट्रियम’, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर, असे लिहिलेले सापडले. कोलोनोस्कोपीची वेळ घेतली आहे. माझी बहीण 34 वर्षांची आहे. तिलाही सांगावे का?

निवृत्त परिचारिका :
अवश्य. हे जनुक वडिलांकडून मुलीकडेही येते, हे लोक विसरतात. वडिलांची जनुकांसाठीची रक्तचाचणी आधी होऊ द्या. दोष नेमका सापडला की तुम्हा दोघांत तोच शोधता येतो. तो निघाला, तर कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी करावी लागेल आणि बहिणीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जावे लागेल. तोपर्यंत तिला मासिक पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव झाल्यास तिने तो अंगावर काढू नये.