मदत हवी आहे: पत्रातलं नॉयेनडोर्फ नेमकं कुठलं?

नवऱ्याचे खापरपणजोबा जर्मनीहून अमेरिकेत विस्कॉन्सिनात शेती करायला आले. घरात त्यांच्या भावाची चार पत्रं आहेत, 1869 ते 1874 मधली, कुरंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. (मोडीसारखीच गत, अक्षरं लागली तरी शब्द लागत नाहीत.) ट्रान्सक्रिबस हे हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर वापरून साधारण निम्मा मजकूर हाती आला. वर गावाचं नाव स्पष्ट आहे, नॉयेनडोर्फ. पण मेयर्सच्या 1912च्या गॅझेटिअरमध्ये (जर्मन साम्राज्यातल्या गावांची सूची) या नावाची गावं ढिगाने आहेत.

1870च्या अमेरिकन जनगणनेत जन्मस्थान नुसतं 'प्रशिया' (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य), 1880मध्येही तेच. 1890ची जवळजवळ सगळी आगीनंतर गेली. 1900मध्ये येण्याचं वर्ष 1867 दिलंय. हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्यांत थेट आणि इतर बंदरांमार्गे, दोन्हीकडे शोधलं, आडनावाची पाच स्पेलिंग्ज लावून. काही नाही. ब्रेमेनहून निघाले असतील तर तिथल्या त्या काळच्या याद्या बहुतेक नष्टच झाल्यात. नागरिकत्वाचे कागद मिळाले, त्यातही गाव नाही, कुणाची प्रजा होते तिथे फक्त 'प्रशियाचा राजा'.

कुटुंब लुथरन (प्रोटेस्टंट पंथाचं) होतं. विस्कॉन्सिनातल्या चर्चची दफन-नोंदवही अजून पाहिलेली नाही. पैसे देऊन संशोधक नेमणं सध्या शक्य नाही, आणि मला जर्मन जेमतेम कळतं. दुसऱ्या पत्रात गावाजवळच्या बाजारपेठेचं नाव आहे, ते 'प' किंवा 'ब'ने सुरू होतं, पुढचं शाईत बुडालंय.

तर आधी काय करू: चर्चच्या नोंदवहीत मूळ गाव मिळण्याची आशा धरू, की शेजारी शेतकऱ्यांची कुटुंबं जनगणनेतून काढून त्यांची गावं शोधू, कदाचित एकाच गावचे असतील म्हणून? आणि ती पुसट ओळ वाचून देणारं, कुरंट येणारं कुणी इथे आहे का?