गोधडीचा गोट (कडेची पट्टी) मागून हाताने शिवताना टाके दिसतात, कोपरा फुगतो. मदत हवी आहे

बाळाची गोधडी, ४० × ५० इंच. आत जुन्या सुती साड्यांचे सहा पदर, धावदोरा पूर्ण झालाय. गोटाची अडीच इंची सरळ पट्टी उभी दुमडून दुहेरी केली, पुढून मशीनने अर्ध्या इंचावर टीप मारली. मागे वळवली तर दुमड टिपेपर्यंत पोचत नाही, ओढली की कड गोळा होते. हाताचे टाके तिरके दिसतात. नमुन्यावरचा कोपरा बोराएवढा फुगला. सध्या एकच लांब बाजू झाली आहे. उसवू का?

प्रतिसाद १
उसवाच. दुमडलेली पट्टी सव्वा इंच. त्यातला अर्धा टिपेच्या मायेत (टिपेबाहेर सोडलेल्या कापडात) गेला, अर्धा पुढून कडेपर्यंत, सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीत. मागे उरतं जेमतेम एक सूत, आणि टीप आहे चार सुतांवर. झाकणार कशी? टीप तीन सुतांवर घ्या, मग मागेही तीन सूत मिळतात आणि दुमड बरोबर टिपेवर बसते. जुन्या टिपेची भोकं ओला हात लावून नखाने घासली की बुजतात.

कोपऱ्यावर कडेच्या तीन सूत अलीकडे थांबा, टीप पक्की करा, पट्टी ४५ अंशात वर दुमडून सरळ खाली आणा. मागे वळवताना घडी पुढच्याच्या उलट दिशेला पाडायची. दोन्ही घड्या एकावर एक आल्या म्हणूनच बोर झालं.

प्रतिसाद २
टाके तिरके दिसतात कारण दोरा दुमडीवरून जातोय. तो आतून न्यायचा. सुई दुमडीच्या धारेतून बाहेर आली की अगदी तिच्यासमोरच गोधडीत घाला, आतल्या पदरातून पाव इंच पुढे सरकवा आणि धारेचे दोनच धागे उचलून बाहेर काढा. डाव्या हाताचं बोट खाली ठेवा. टोक बोटाला टोचलं तर टाका पुढच्या बाजूला गेलाय.

एकेरी सुती दोरा, हातभरच, मेणावरून ओढलेला. रंग पट्टीशी जुळणारा, गोधडीशी नव्हे. सुई ९ किंवा १० नंबर. दर वीतभर अंतरावर एक उलटा टाका घ्या, म्हणजे दोरा तुटला तरी सगळी कड उसवत नाही. कोपऱ्याच्या तिरक्या घडीवरही दोन-तीन टाके हवेत. टाचण्यांऐवजी केसांच्या टिकटिक क्लिपा लावा.

प्रश्नकर्ती
कळलं. पण उसवल्यावर ती बाजू लाटांसारखी दिसतेय. पट्टी उरेब (कापडावर तिरकी) कापायला हवी होती का?

प्रतिसाद १
सरळ कडेला उरेब नको, ती गोल कोपऱ्यांसाठी. गोधडी मधोमध मोजा आणि कडेवर मोजा. मधे ५० आणि कडेला ५१ भरलं तर जुनी साडी पसरली आहे. कडेपासून एक सूत आत हाताने कच्चा धावदोरा घाला, ओढून ५० वर आणा, मगच पट्टी. पट्टी धुतलेली आहे ना? कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि कड आत ओढली जाते.