मदत हवी आहे: ईएनसी भलताच येतोय, जनुकाच्या मधेच स्टॉप कोडॉन दाखवतंय (अर्जंट)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. एमेस्सीचा प्रोजेक्ट, विषय कोडॉन वापर, म्हणजे एकाच अमिनो आम्लासाठीच्या तीन-अक्षरी कोडॉनांपैकी जनुक कुठला किती वापरतं. शुक्रवारी गाईडना आकडे दाखवायचेत. हे मोजणाऱ्या कोडॉनडब्ल्यू सॉफ्टवेअरमध्ये सगळी जनुकं टाकली, तर सगळ्यात मोठ्याला 'मधे स्टॉप कोडॉन' (प्रथिन तिथेच संपवणारा) अशी वॉर्निंग, आणि त्याचा ईएनसी (जनुक जणू किती वेगवेगळे कोडॉन वापरतं तो आकडा) पेपरांत असतो त्याच्या बराच वर. एकाला तर थेट ६१. सॉफ्टवेअर बाद आहे का? दुसरं कुठलं वापरू? कृपया थिअरी नको, आरएससीयू (प्रत्येक कोडॉनचा सापेक्ष वापर) म्हणजे काय ते येतं मला.

तिरकस
जीव कुठला ते गुपित आहे का? पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात यूजीए हा कोडॉन म्हणजे स्टॉप नाही, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. मायकोप्लाझ्मा जिवाणूतही तेच. कोडचं टेबल बदललं नसेल तर जागोजागी स्टॉप दिसणारच.

रात्रपाळी
व्हायरस आहे हो. टेबल नेहमीचंच.

तिरकस
बरं झालं सांगितलंत. आता फक्त काही हजार उरले.

इकोलाय_काका
सरळ रोझेटा घ्या, प्रथिन बनवायचा ई. कोलाय जिवाणूचा वाण. आम्ही मलेरियाच्या परजीवीचं जनुक ई. कोलायमध्ये घातलं होतं. त्या परजीवीचा, फाल्सिपेरमचा, जिनोम ८० टक्के ए-टी, त्यात एजीए आणि एयूए हे कोडॉन ठासून भरलेले. साध्या बीएल२१ वाणात त्यांचे टीआरएनए (कोडॉननुसार अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) तुटपुंजे, रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) तिथेच अडखळतो आणि अर्धवट प्रथिन मिळतं. रोझेटात त्या टीआरएनएंचं जादा प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) असतं. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक घालायला विसरू नका, नाहीतर प्लास्मिड टिकत नाही. आणि इंडक्शन (प्रथिननिर्मिती सुरू करणं) १८ अंशांवर, रात्रभर.

रात्रपाळी
काका, मी प्रथिन बनवतच नाहीये. सगळं कॉम्प्युटरवर आहे.

इकोलाय_काका
मग बनवा की. नुसते आकडे काढून कुणाचं भलं झालंय?

मुक्ता
कोरोनाचा आहे का? मोठं जनुक म्हणजे ओआरएफ१एबी? कुठून कुठपर्यंत कापलंत आणि लांबी किती आली, एवढंच सांगा.

रात्रपाळी
हो, सार्स-कोव्ह-२, वुहानचा रेफरन्स जिनोम. मला वाटलं कळेलच. २६६ ते २१५५५ क्रमांकाची अक्षरं कापली. लांबी २१२९०.

मुक्ता
२१२९० ला तीनने भाग जातो का बघा. नाही जात. या जनुकात रायबोसोम यूयूयूएएएसी या अक्षरांपाशी एक अक्षर मागे घसरतो आणि १३४६८ क्रमांकाचा सी दोनदा वाचतो. म्हणून जेनबँकेत (जनुकांच्या सार्वजनिक साठ्यात) ते २६६ ते १३४६८ अधिक १३४६८ ते २१५५५ असं जोडून दिलेलं असतं, लांबी २१२९१. तुम्ही सलग कापलंत, त्यामुळे १३४८१ पाशी यूएए लागला. पण स्टॉप एक वेळ परवडला. त्याच्या पुढचे २,६०० च्या वर कोडॉन चुकीच्या फ्रेममध्ये (तीन-तीनच्या चुकीच्या गटांत) मोजले गेलेत, ईएनसी त्यांनी चढवलाय. सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही. स्वतः कापू नका, तयार सीडीएसचीच (प्रथिनाचा कोड असलेल्या भागाची) फास्टा फाइल उतरवा.

ढवळ्या
६१ वालं जनुक ओआरएफ१० असणार. ३८ अमिनो आम्लं! ईएनसी २० ते ६१ मध्ये असतो, २० म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाला एकच कोडॉन, ६१ म्हणजे सगळे सारखे वापरले. राइटने १९९० मध्ये सूत्र दिलं, पण जनुक फार छोटं असलं की उत्तर ६१ च्याही वर जातं आणि प्रोग्राम ते ६१ वर आणून ठेवतो. १०० कोडॉनांच्या आतलं काही घेऊ नका. म्हणजे ई, ६, ७बी, १० ही जनुकं बाहेर. त्यापेक्षा माणसाच्या कोडॉन-टेबलाशी सीएआय (कोडॉन किती जुळतात तो निर्देशांक) काढा, विषाणू आपल्याशी कसा जुळवून घेतोय ते दिसेल.

मुक्ता
जुळवून वगैरे काही दिसत नाही. जिनोममध्ये जी आणि सी मिळून (जीसी) ३८ टक्के, कोडॉनच्या तिसऱ्या जागी ए आणि यूची गर्दी. माणसाला आवडतात ते बरेचसे कोडॉन तिथे सी किंवा जीने संपतात. सीपीजी (सीच्या लगेच पुढे जी) कमी, कारण पेशीतलं झॅप प्रथिन ते हेरतं. सीचे यू होत राहतात ते वेगळंच. एवढ्यात बहुतेक कल समजतो. आणि त्यासाठी वापरतात ते काझुसाचं कोडॉन-टेबल २००७ च्या जेनबँकवर थांबलंय.

ढवळ्या
सगळं म्युटेशनवर ढकललं की निवड नावाची गोष्ट उरतच नाही.

मुक्ता
झॅप ही निवडच आहे. फक्त टीआरएनएची नाही.

तिरकस
यावरून आठवलं, आपल्या पुण्याच्या सीरमने २०२० मध्ये कोडाजेनिक्स कंपनीबरोबर नाकातून द्यायची लस हाती घेतली होती ना? प्रथिन तसंच ठेवून कोडॉनांच्या नकोशा जोड्या घालायच्या, की विषाणू कमजोर. २००८ मध्ये पोलिओवर तेच केलं होतं.

ढवळ्या
बघा! म्हणजे कोडॉनला अर्थ आहे.

मुक्ता
त्या जोड्या बदलताना सीपीजी वाढतात. कमजोरी जोड्यांनी आली की सीपीजीने, यावर तेव्हापासून भांडण चालू आहे. वेगळा धागा काढा.

रात्रपाळी
२१२९१ ने वॉर्निंग गेली, ईएनसीही पेपरांच्या आकड्यापाशी आला. धन्यवाद मुक्ताताई. आता गाईड म्हणताहेत न्यूट्रॅलिटी प्लॉटही (कोडॉनच्या पहिल्या दोन जागांचा जीसी विरुद्ध तिसऱ्या जागेचा) हवा. उरलेल्या जनुकांवर काढू?

मुक्ता
सात बिंदूंवर रेघ ओढून 'निवडीचा वाटा इतके टक्के' लिहिणार का? एकाच विषाणूवर नको. सार्स, मर्स, २२९ई, ओसी४३ या इतर कोरोना विषाणूंची जनुकं जोडीला घ्या आणि उताराबरोबर पी-व्हॅल्यू द्या. ओआरएफ१ए वेगळं घालू नका, ते १एबीमध्येच मोजलं जातं.