जाडीपेक्षा नळ्यांची दिशा महत्त्वाची

शाळेत मुलांकडून पुठ्ठ्याचे स्टूल बनवून घेण्याच्या प्रकल्पाबद्दल ‘स्टूल टिकायचे असेल तर सात पदरी पुठ्ठाच घ्यावा’ असे एक मत मांडले गेले आहे; ते मला पूर्णपणे पटत नाही. जाडीचा उपयोग होतो हे खरे. परंतु खोक्याच्या पुठ्ठ्याचे बळ मुख्यतः दोन सपाट कागदांमधल्या नागमोडी थरात असते, आणि त्या थराच्या लाटांमुळे तयार होणाऱ्या नळ्या उभ्या राहिल्या तरच तो वरचा भार नीट पेलतो. आमच्या शाळेतील आठवीच्या एका गटाने पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून पट्ट्या नळ्या आडव्या येतील अशा कापल्या, आणि पाच पदरी पुठ्ठा असूनही स्टूल पहिल्याच बसण्यात दुमडले. नंतर मुलांनी साध्या तीन पदरी पुठ्ठ्याच्या पट्ट्या नळ्या उभ्या ठेवून कापल्या, त्यांना अर्ध्या उंचीपर्यंत खाचा पाडल्या व त्या एकमेकींत अडकवून चौकटींची जाळी केली. त्या स्टुलावर मी स्वतः बसलो, तेव्हा मुलांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे, हे थर सहसा स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात आणि ओल लागली की सुटू लागतात, म्हणून हा प्रकल्प पावसाळ्याऐवजी दिवाळीनंतर घ्यावा.